लांडगा झालेल्या ड्रूइडवर 'होल्ड पर्सन' चालतो का?

कृष्णाकाठी

आमच्या विश्रामबागच्या टेबलावर सध्या एकाच नियमावरून जुंपलीय. रविवारी पुढचा खेळ आहे, त्याआधी इथल्या जाणत्यांचं मत हवंय.

मी डीएम (डंजन मास्टर, खेळ चालवणारा) आहे. खेळ डंजन्स अँड ड्रॅगन्स, पाचवी आवृत्ती, पार्टी सहाव्या लेव्हलची. आमची ड्रूइड (निसर्गाची जादू करणारं पात्र) वाइल्ड शेप, म्हणजे प्राण्याचं रूप घ्यायची क्षमता, वापरून लांडगा झाली आणि पुलाच्या तोंडाशी वाट अडवून उभी राहिली. समोरच्या जादूगाराने तिला रूप बदलताना पाहिलं होतं, म्हणून त्याने तिच्यावर 'होल्ड पर्सन' हा जागीच खिळवून ठेवणारा मंत्र टाकला. मी निकाल दिला: हा मंत्र फक्त ह्यूमनॉइडवर (माणसासारख्या जिवावर) लागतो, लांडगा बीस्ट (प्राणी) आहे, मंत्र वाया, स्लॉट (मंत्र टाकायची मोजकी संधी) गेला. ड्रूइडवाली खूश.

तेवढ्यात आमच्या पॅलाडिनवाल्याने (पॅलाडिन म्हणजे धर्मयोद्धा) मोबाइलवर २०२४ चं प्लेयर्स हँडबुक उघडलं आणि स्वतःच्याच पार्टीच्या विरोधात जाणारा नियम वाचून दाखवला. नव्या पुस्तकात वाइल्ड शेप घेतल्यावरही ड्रूइडचा क्रीचर टाइप (जिवाचा प्रकार) तोच राहतो. म्हणजे लांडग्याच्या कातडीतसुद्धा ती ह्यूमनॉइड, आणि मंत्र लागू. मला त्याचं फार कौतुक वाटलं, कारण त्या फेरीत ड्रूइड थिजली असती तर पहिला मार त्यालाच बसणार होता.

अडचण अशी की माझ्याकडे २०१४ चं छापील पुस्तक आहे, ड्रूइडवालीचं शीट (पात्राचा तक्ता) त्यावरूनच भरलेलं, आणि बाकी दोघांची शीटं नव्या पुस्तकावरून. आजवर सरमिसळ करूनच खेळलोय आणि कुठे अडलं नव्हतं.

तर निकाल काय द्यावा? आणि हाच न्याय वेअरवुल्फला (लांडगा होणारा माणूस), डॉपलगँगरला (कुणाचंही रूप घेणारा राक्षस) लावायचा का? पुढे दोन्ही येणार आहेत. आमच्यापैकी कोणी हे वाचत असाल तर एवढं वाचल्याचं विसरून जा.

वीस_बाजूंचा_फासा

२०१४ ने खेळत असाल तर नाही चालत. २०२४ ने खेळत असाल तर चालतो. 'होल्ड पर्सन'चा मजकूर दोन्हीकडे ह्यूमनॉइडच मागतो. बदललाय तो वाइल्ड शेप. त्यामुळे तुमच्या टेबलावर तिचा वाइल्ड शेप कुठल्या पुस्तकातला, एवढंच ठरवायचंय.

हरभट_रोडवाली

फाशाचं उत्तर बरोबर आहे, पण वेअरवुल्फ आणि डॉपलगँगर पुढे उभे आहेत म्हणताय तर थोडं मुळापासून लिहिते. मी बरीच वर्षं डीएम म्हणून बसते आणि रूप बदलणारी पात्रं मला मनापासून आवडतात. त्यांच्यावर निकाल देताना घाई झाली की त्या खेळाडूच्या पात्राची सगळी गंमत जाते.

मंत्र चेहरा बघत नाही, मंत्र टाइप बघतो. या खेळात प्रत्येक जिवाला चौदांपैकी एक टाइप असतो: ह्यूमनॉइड, बीस्ट, फे (परीलोकातले), फीन्ड (नरकातले), अनडेड (मेलेले पण हिंडणारे), मॉन्स्ट्रॉसिटी (विचित्र राक्षस) वगैरे. 'चार्म पर्सन', 'होल्ड पर्सन', 'डॉमिनेट पर्सन' ह्यूमनॉइड मागतात. 'अॅनिमल फ्रेंडशिप' आणि 'डॉमिनेट बीस्ट' बीस्ट मागतात. 'होल्ड मॉन्स्टर' जवळजवळ कुणालाही चालतो (२०१४ मध्ये अनडेड सोडून), म्हणून तर तो पाचव्या लेव्हलचा आहे आणि 'होल्ड पर्सन' दुसऱ्या. ज्याला समोरचा कोण याची खात्री नाही त्याने महाग स्लॉट मोजायचा, असा हा हिशोब आहे आणि मला तो पटतो.

मग रूप बदलल्यावर टाइप बदलतो का? इथे प्रत्येक क्षमतेचं वर्णन शब्दशः वाचावं लागतं. २०१४ च्या वाइल्ड शेपमध्ये लिहिलंय की तुमच्या सगळ्या आकड्यांच्या जागी त्या प्राण्याचे आकडे येतात, आणि तुमच्याकडे उरतात ते अलाइनमेंट, व्यक्तिमत्त्व, इंटेलिजन्स, विजडम, करिश्मा, शिवाय स्किल आणि सेव्हची (मंत्र वगैरे टाळायला टाकायच्या फाशाची) प्रवीणता. उरलेल्यांच्या यादीत टाइप नाही. म्हणजे तो गेला, लांडग्याचा टाइप आला. २०२४ मध्ये याच यादीत टाइप स्पष्ट शब्दांत घातला. हिट पॉइंटही (किती मार सोसता येतो तो आकडा) स्वतःचेच ठेवले आणि वर ड्रूइडच्या लेव्हलइतके टेम्पररी हिट पॉइंट दिले.

वेअरवुल्फचं अगदी उलट. २०१४ च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये तो ह्यूमनॉइड आहे, आणि त्याच्या वर्णनात लिहिलंय की आर्मर क्लास (बचावाचा आकडा) सोडला तर प्रत्येक रूपात त्याचे आकडे तेच. म्हणून तो पूर्ण लांडगा होऊन अंगावर आला तरी ह्यूमनॉइडच. 'होल्ड पर्सन' लागेल, 'अॅनिमल फ्रेंडशिप' लागणार नाही. एकाच रानात दोन लांडगे शेजारी उभे, एक ड्रूइड आणि एक वेअरवुल्फ. २०१४ च्या नियमाने एकावर माणसाचा मंत्र चालतो, दुसऱ्यावर जनावराचा, आणि वरून दोघं हुबेहूब सारखे. मला हे फार सुंदर वाटतं.

पण नवीन मॉन्स्टर मॅन्युअल घेतलंत तर तिथे वेअरवुल्फ मॉन्स्ट्रॉसिटी झालाय. त्यात माणसाच्या रूपात असतानाही 'होल्ड पर्सन' लागत नाही. सरमिसळ करून खेळणाऱ्या टेबलांची खरी पंचाईत इथे होते: एकाच पुस्तकाने गेलं तर दोघांचे निकाल एकमेकांच्या उलट, पण ड्रूइड एका पुस्तकातली आणि वेअरवुल्फ दुसऱ्यातला घेतला तर दोन्ही निकाल सारखेच पडतात.

कृष्णाकाठी

ताई, हे वहीत उतरवून घेतलं. डॉपलगँगरचं काय?

हरभट_रोडवाली

तो मुळातच मॉन्स्ट्रॉसिटी. समोर सरपंच म्हणून बसलेला असो की तुमच्या पॅलाडिनचा भाऊ म्हणून, 'होल्ड पर्सन' त्याच्यावर चालत नाही. २०१४ च्या पुस्तकात त्याला चार्म्ड होणंही (भुरळ पडणं) लागू नाही. व्हॅम्पायर वटवाघूळ झाला तरी अनडेडच. त्या वटवाघळाला 'डॉमिनेट बीस्ट'ने काही होणार नाही, पण क्लेरिकने (देवाच्या शक्तीने जादू करणारा पुजारी) 'टर्न अनडेड' केलं तर सेव्ह चुकल्यावर ते पळत सुटेल.

आणि निव्वळ सोंग वेगळं. 'डिसगाइझ सेल्फ' हा भास आहे, शरीर बदलत नाही, तिथे टाइपचा प्रश्नच येत नाही. आपण नाट्यपंढरीतली माणसं; रंगवलेला चेहरा आणि आतला नट वेगळे हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

मिरज_जंक्शन

सोंगाचा विषय निघालाच आहे तर मला मारीच आठवला. सोन्याचा मृग झाला, रामाचा बाण लागला आणि मरताना मूळ रूपात आला. पाचव्या आवृत्तीत वाइल्ड शेप, पॉलिमॉर्फ (कुणालाही प्राणी करणारा मंत्र), वेअरवुल्फ सगळीकडे हेच आहे, मेल्यावर मूळ रूप. आमच्या टेबलावर नवीन खेळाडूला हा नियम मारीचाच्या गोष्टीवरून सांगितला की एका झटक्यात कळतो. बाणाला टाइप विचारावा लागत नाही, तेही त्याच गोष्टीत आलं. साधा हल्ला कुठल्याही टाइपवर करता येतो.

आता पॉलिमॉर्फचं सांगतो, कारण आमच्याकडे त्यावरून मोठी चर्चा झाली होती. चौथ्या लेव्हलचा मंत्र. २०१४ मध्ये तो माणसाचे सगळे आकडे बदलतो, डोक्याचेसुद्धा. वाइल्ड शेपमध्ये ड्रूइडची बुद्धी तिची तिचीच राहते, पॉलिमॉर्फमध्ये बुद्धीही जनावराची होते. आणि २०१४ ची 'अॅनिमल फ्रेंडशिप' म्हणते की ज्या बीस्टची इंटेलिजन्स ४ किंवा जास्त आहे त्यावर मंत्र चालत नाही.

याचा अर्थ बघा. आमच्या फायटरला जादूगाराने टायरनोसॉरस रेक्स केलं. त्याची इंटेलिजन्स २. समोरच्या टोळीत एक साधा पहिल्या लेव्हलचा ड्रूइड होता, त्याने 'अॅनिमल फ्रेंडशिप' टाकली. फायटर त्या क्षणी बीस्ट, बुद्धी २, विजडम सेव्हला जेमतेम अधिक १. सेव्ह चुकला आणि एवढं मोठं जनावर त्या ड्रूइडवर तोंड टाकेना. चौथ्या लेव्हलच्या मंत्राची धार पहिल्या लेव्हलच्या मंत्राने बोथट केली. त्याऐवजी जायंट एप केला असता तर त्याची इंटेलिजन्स ७, तोच मंत्र फुकट गेला असता. आमचा जादूगार तेव्हापासून रूप निवडताना हिट पॉइंटच्या आधी इंटेलिजन्सचा आकडा बघतो.

वीस_बाजूंचा_फासा

आणि हेही २०२४ मध्ये गेलं. नव्या पॉलिमॉर्फमध्येही टाइप स्वतःचाच राहतो. जनावराचे हिट पॉइंट टेम्पररी म्हणून मिळतात, ते संपले की मंत्र संपला. रेक्स झालेला फायटर ह्यूमनॉइड, त्यावर 'अॅनिमल फ्रेंडशिप' नाही, 'होल्ड पर्सन' मात्र चालतो.

नवी_पाखरू

मी आत्ताच खेळायला लागलेय, विझर्ड आहे. माझं घुबड, फाइंड फॅमिलियरवालं (मंत्राने बोलावलेला सोबती), ते बीस्ट का? परवा डीएमने शत्रूच्या ड्रूइडकडून त्यावर 'अॅनिमल फ्रेंडशिप' टाकली आणि ते त्याच्या खांद्यावर जाऊन बसलं. मला खूप वाईट वाटलं.

हरभट_रोडवाली

नाही गं. फॅमिलियर दिसतं घुबड, पण मंत्रातच लिहिलंय की तो बीस्ट नसून सेलेस्टियल, फे किंवा फीन्ड असतो. मंत्र टाकताना तूच ठरवतेस. 'अॅनिमल फ्रेंडशिप' त्याला लागत नाही, 'स्पीक विथ अॅनिमल्स'ने कुणी त्याच्याशी बोलूही शकत नाही. डीएमला तो परिच्छेद दाखव, शांतपणे, खेळ सुरू व्हायच्या आधी. घुबड परत मिळेल.

दुसरी बाजूही लक्षात ठेव. 'प्रोटेक्शन फ्रॉम ईव्हिल अँड गुड' हा मंत्र अॅबरेशन, सेलेस्टियल, एलिमेंटल, फे, फीन्ड आणि अनडेड यांच्यापासून राखतो. म्हणजे तुझ्या घुबडापासूनही. खरं रानातलं घुबड असतं तर त्या मंत्राने काही फरक पडला नसता.

मिरज_जंक्शन

आता मला खरंच अडलेला प्रश्न. टाइप मध्येच बदलला तर? समजा २०१४ चा खेळ. ड्रूइड माणसाच्या रूपात असताना तिच्यावर 'चार्म पर्सन' बसला, एक तासाचा. दहा मिनिटांनी ती अस्वल झाली. आता ती ह्यूमनॉइड नाही. मंत्र सुटला का?

वीस_बाजूंचा_फासा

सुटायला हवा. मंत्राला ह्यूमनॉइड लागतो, समोर ह्यूमनॉइड उरला नाही. आमच्याकडे असंच चालतं आणि ड्रूइड खेळणाऱ्याला त्यातून एक सुटकेची वाट मिळते. रूप बदलण्यासाठीच तर त्याने हा क्लास घेतलाय.

हरभट_रोडवाली

फाशा, इथे मी तुझ्याशी सहमत नाही. 'चार्म पर्सन' वाच: तुला दिसणारा एक ह्यूमनॉइड निवड. निवडायची वेळ मंत्र टाकतानाची. नंतर मंत्र कधी संपतो हेही त्यात लिहिलंय, वेळ संपली किंवा तू अथवा तुझ्या साथीदारांनी त्याला इजा केली की. टाइप बदलला तर संपतो असं कुठे म्हटलेलं नाही. ज्या मंत्रांना सतत अट हवी असते ते तसं सांगतात. त्यामुळे माझ्या टेबलावर अस्वल झालेली ड्रूइड चार्म्डच राहते.

यात अर्थही आहे. तिच्या मनावर पकड बसलीय, आणि २०१४ च्या वाइल्ड शेपमध्ये मन तर तिचंच राहतं, इंटेलिजन्स, विजडम, करिश्मा सगळं. हात-पाय बदलल्याने मनावरची पकड का सुटावी?

वीस_बाजूंचा_फासा

हे वाइल्ड शेपला लागू. पण पॉलिमॉर्फने मनही बदलतं, तिथे तुमचा हा मुद्दा टिकत नाही. चार्म झालेल्या बार्डला मित्राने ससा केलं. सशाची बुद्धी, सशाचं विजडम. आता तो कुणाचा मित्र?

हरभट_रोडवाली

शब्दांचा मुद्दा तरी टिकतो. निवड झाली तेव्हा तो वैध होता. पण हे खरंय की २०१४ च्या पुस्तकात मध्येच टाइप बदलल्यावर काय, याचं थेट वाक्य नाही, आणि दोन समंजस डीएम दोन निकाल देऊ शकतात. माझी एकच विनंती: जो निकाल खेळाडूंच्या बाजूने दिलात तोच शत्रूच्या बाजूनेही द्या. आज ड्रूइड अस्वल होऊन चार्ममधून सुटली, तर उद्या तुमच्या 'डॉमिनेट पर्सन'मधून शत्रूचा ड्रूइडही तसाच सुटणार. पाचव्या लेव्हलचा स्लॉट गेल्यावर मग टेबलावर कुणी नाराज व्हायचं नाही.

मिरज_जंक्शन

हे मान्य. आमच्याकडे ताईंचा निकाल चालू करतो. 'होल्ड पर्सन'पुरता हा वाद उरतच नाही म्हणा, कारण पॅरलाइझ झालेल्याला (जागीच खिळलेल्याला) अॅक्शनच घेता येत नाही, तर रूप बदलणार कसं.

कृष्णाकाठी

त्यावरूनच विचारतो. २०२४ प्रमाणे लांडगा झालेल्या आमच्या ड्रूइडला 'होल्ड पर्सन' लागला असता तर ती लांडगा म्हणूनच थिजली असती?

वीस_बाजूंचा_फासा

नाही! हे फार कमी लोकांच्या लक्षात येतं. २०२४ च्या वाइल्ड शेपमध्ये इन्कपॅसिटेटेड (काहीच कृती करता येत नाही अशी अवस्था) झालात की रूप संपतं. पॅरलाइझमध्ये इन्कपॅसिटेटेड येतंच. म्हणजे सेव्ह चुकला की लांडगा गेला, आणि त्याच जागी माणूस उभा, जागच्या जागी खिळलेला. एका दुसऱ्या लेव्हलच्या मंत्राने रूपही काढलं आणि हालचालही.

२०१४ मध्ये रूप जातं ते बेशुद्ध पडल्यावर, हिट पॉइंट शून्य झाल्यावर किंवा मेल्यावर. पॅरलाइझ झाल्यावर नाही. त्यामुळे तिथे 'होल्ड मॉन्स्टर' लागला तर लांडगा लांडगा म्हणूनच थिजतो. निदान सेव्ह तरी तिच्या स्वतःच्या विजडमवर आणि ड्रूइडच्या प्रवीणतेसकट, लांडग्याच्या १२ वर नाही.

हरभट_रोडवाली

फाशाने हे छान सांगितलं. आता मला ज्या गोष्टीची सगळ्यात जास्त काळजी वाटते ती लिहिते. मंत्र चुकीच्या टाइपवर पडला तर डीएमने तोंडाने काय बोलायचं?

बऱ्याच टेबलांवर डीएम सरळ म्हणतो, "चालत नाही, तो ह्यूमनॉइड नाहीये." झालं! दुसऱ्या लेव्हलच्या स्लॉटमध्ये गावच्या सरपंचाचं पितळ उघडं. तीन महिने जपलेलं रहस्य एका वाक्यात संपलं. आणि रहस्य डीएमचं असेल तर एक वेळ ठीक, पण ते खेळाडूचं असेल तर? आमच्याकडे एक जण चेंजलिंग (रूप बदलू शकणाऱ्या जमातीचं पात्र) खेळायची. टेबलावर डीएम सोडून कुणालाच माहीत नव्हतं. सगळे तिला साधी माणूस समजायचे. २०२२ च्या 'मॉन्स्टर्स ऑफ द मल्टिव्हर्स'मध्ये चेंजलिंग फे आहे, ह्यूमनॉइड नाही. म्हणजे शत्रूने 'होल्ड पर्सन' टाकला की तिचं गुपित धोक्यात.

याची सोय 'झनाथर्स गाइड टू एव्हरीथिंग' या २०१७ च्या पुस्तकात आहे. अवैध लक्ष्यावर मंत्र टाकला तर त्याला काही होत नाही, पण स्लॉट खर्च होतो. आणि त्या मंत्रात सेव्ह यशस्वी झाल्यावर काहीच परिणाम होत नसेल, तर टाकणाऱ्याला असंच दिसतं की समोरच्याचा सेव्ह यशस्वी झाला. प्रत्यक्षात सेव्ह झालेलाच नसतो. 'होल्ड पर्सन', 'चार्म पर्सन' दोन्ही या नियमात बसतात.

मी हे करते कसं ते सांगते. खेळाडूने सरपंचावर 'होल्ड पर्सन' टाकला की मी स्क्रीनच्या मागे वीसचा फासा नेहमी टाकते तसाच टाकते, खणखणीत आवाज होईल असा. फासा बघते, क्षणभर थांबते, वहीत एक आकडा लिहिते. मग म्हणते, "त्याचे हात क्षणभर आखडले, पण त्याने झटकून टाकलं." खरोखर सेव्ह झालेल्या प्रत्येक शत्रूसाठीही अगदी हेच वाक्य, हाच वेळ. एकालाही वेगळी वागणूक दिली की हुशार खेळाडू पकडतात. आणि चेंजलिंगवालीला आधीच सांगून ठेवलं होतं की शत्रूने असा मंत्र टाकला तर तू फासा टाकायचा, आकडा मला दाखवायचा, आणि मी म्हणेन वाचलीस. ती प्रत्येक वेळी फासा उचलून मुठीत हलवायची, टाकायची आणि सुस्कारा सोडायची. शेजारी बसलेल्यांना कधी संशयही आला नाही.

तिने गुपित फोडलं ते तिला हवं तेव्हा, तिला हव्या त्या प्रसंगात. रूप बदलणारं पात्र घेणाऱ्या खेळाडूला एवढा हक्क मिळायलाच हवा, आणि तो राखायचं काम डीएमचं आहे.

मिरज_जंक्शन

पण काही खेळाडू म्हणतील, माझा स्लॉट गेला आणि का गेला तेही कळलं नाही, हा अन्याय आहे.

हरभट_रोडवाली

कळण्याच्या वाटा आहेत ना. दोन-तीनदा सगळे सेव्ह यशस्वी होताना दिसले तर विचार करावा. 'होल्ड मॉन्स्टर' टाकून बघावा. इनसाइट (समोरच्याचं मन ओळखायचं स्किल) आहे, चौकशी आहे, 'ट्रू सीइंग' आहे. रहस्य शोधून काढण्यात जो आनंद आहे तो डीएमने आयता सांगण्यात नाही.

हाच न्याय उलट बाजूने शत्रूलाही लावावा. तुमचा जादूगार, कृष्णाकाठी, त्याने ड्रूइडला रूप बदलताना पाहिलं होतं म्हणून त्याने माणसाचा मंत्र निवडला, हे योग्यच. पण ज्या शत्रूने तिला पाहिलेलं नाही, त्याच्यासमोर एक लांडगा येतोय. तो 'होल्ड पर्सन' टाकणार नाही, मग २०२४ प्रमाणे तो चालत असला तरीही. त्याने 'डॉमिनेट बीस्ट' टाकावा, तो वाया जावा आणि लांडग्याने सेव्ह केला असं त्याला वाटावं. डीएमला सगळं माहीत असतं. त्याच्या गोब्लिनला नसतं.

रानजाई_ड्रूइड

नमस्कार, मीच ती लांडगा. सगळं वाचलं. दादा, वेअरवुल्फचं वाचलं नाही असं समजा.

रविवारच्या आधी मी ठरवलंय, शीट २०२४ वर नेते. २०१४ मध्ये लांडगा झाल्यावर ११ हिट पॉइंटचं कवच मिळायचं, आता सहाव्या लेव्हलला ६ टेम्पररी मिळतील, आणि 'होल्ड पर्सन'चा धोका अंगावर येईल. पण रूप बोनस अॅक्शनमध्ये घेता येईल, पूर्वी पूर्ण अॅक्शन जायची. सहाव्या लेव्हलला वाइल्ड शेप तीनदा मिळतो. आणि मुख्य म्हणजे टेबलावर सगळ्यांचं एकच पुस्तक होईल. मागच्या खेळाचा निकाल आहे तसाच राहू दे, तो तेव्हाच्या शीटप्रमाणे बरोबर होता.

एकच विचारायचंय. माझा आवडता मंत्र मूनबीम (चांदण्याचा खांब पाडणारा). २०१४ मध्ये त्यात "शेपचेंजर" असा शब्द होता आणि तो ड्रूइडला लागतो की नाही यावर आमचं कधी एकमत झालं नाही. नव्यात काय?

कृष्णाकाठी

मंजूर. मीही नवीन पुस्तक घेतो. तोपर्यंत सिस्टीम रेफरन्स डॉक्युमेंट ५.२ फुकट उतरवून घेता येतं, २०२५ च्या एप्रिलपासून उपलब्ध आहे. ड्रूइड, पॉलिमॉर्फ, मूनबीम, वेअरवुल्फ सगळं त्यात आहे. पॅलाडिनवाल्याला सांगतो प्रिंट काढून आण म्हणून, भडंग माझ्याकडून.

हरभट_रोडवाली

रानजाई, २०१४ मध्ये शेपचेंजर ही खूण राक्षसांच्या टाइपशेजारी कंसात छापलेली असायची, वेअरवुल्फ, डॉपलगँगर, व्हॅम्पायर यांच्या. ड्रूइडच्या शीटवर ती खूण नसते, म्हणून मी तिला लागू करत नसे. त्याच कारणाने ड्रूइडवर पॉलिमॉर्फ चालायचा आणि वेअरवुल्फवर नाही.

नव्या मूनबीममध्ये तो शब्द काढून "रूप बदललेल्या अवस्थेत असेल तर" असं लिहिलंय. सेव्ह चुकला की मूळ रूप, आणि प्रकाशाच्या बाहेर पडेपर्यंत पुन्हा रूप घेता येत नाही. आता हे तुलाही लागतं, यात शंका नाही. आणि रूप घेतल्याने तुझं कॉन्सन्ट्रेशन (मंत्र चालू ठेवणारं लक्ष) तुटत नाही, म्हणजे तू आधी मूनबीम टाकून मग लांडगा होऊ शकतेस. तसं केलंस तर त्या खांबाच्या पाच फूट बाहेरून चाल, कारण तुझाच मंत्र तुझा-परका असा भेद करत नाही.